जाड सोलचे बूट, अनवाणी पाय आणि पाम बीचवरचा गुडघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ४३ वर्षांचे, ७८ किलो वजनाचे, नेरूळला राहणारे बँक अधिकारी असून तीन वर्षांपासून आठवड्यातून चार दिवस पहाटे पाम बीच मार्गावर धावतात. जानेवारीतील अर्धमॅरेथॉनच्या तयारीसाठी त्यांनी सप्टेंबरमध्ये अतिशय जाड आणि मऊ सोलचे महागडे बूट घेतले, आणि दीड महिन्यात डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागली. त्यांच्या गटातील एका मित्राचे म्हणणे असे की, हे फोमचे बूटच पाय बिघडवतात. माणूस लाखो वर्षे अनवाणी धावला आहे, तेव्हा बूट काढून टाकावेत आणि अनवाणी धावावे. मित्राचे म्हणणे खरे आहे का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी एका ओळीत आणखी एक प्रश्न आहे: मधुमेह असलेल्या ७१ वर्षांच्या वडिलांनी रोज सकाळी गवतावर अनवाणी चालणे चांगले का?

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निवांत वाचता येईल. तुमचा गुडघा त्या बुटांमुळे दुखावला असे मला वाटत नाही. तुम्हीच पाठवलेल्या नोंदीनुसार ऑगस्टमध्ये तुम्ही आठवड्याला २४ ते २६ किलोमीटर धावत होतात आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तो आकडा ४४ वर गेला. म्हणजे दीड-दोन महिन्यांत अंतर जवळपास पावणेदोनपट झाले. त्याच काळात नवे बूट घरात आले, म्हणून बोट त्यांच्याकडे गेले. नवी सून घरात आली आणि त्याच दिवशी दूध नासले, तर दोष कोणाच्या माथी जातो हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या पत्रातच सापडली. तुम्ही वाशीकडे जाताना रस्त्याच्या डाव्या कडेने धावता आणि परतताना दुभाजकापलीकडच्या मार्गावरून, पुन्हा डाव्याच कडेने येता. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून डांबरी रस्ता कडेकडे उतरता बांधलेला असतो. त्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, तुमचे डावे पाऊल उजव्यापेक्षा किंचित खाली पडते आणि बाहेरच्या अंगाला कलते. मांडीच्या बाहेरच्या बाजूने नितंबापासून गुडघ्याखालपर्यंत उतरणारी जी चिवट पट्टी असते, तिला अशा धावण्यात उताराकडच्या पायावर जादा काम पडते, हे मी पाम बीचवर धावणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हापुन्हा पाहिले आहे. ठरावीक अंतरानंतर, तुमच्या बाबतीत सहाव्या-सातव्या किलोमीटरला, दुखणे सुरू होणे आणि उतारावर ते वाढणे हे त्या पट्टीच्या दुखण्याचे नेहमीचे लक्षण आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण माझा कल तिकडे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तो तुमच्या गुडघ्यापेक्षा मोठा आहे आणि गेली बावीस वर्षे ठाण्यात फिजिओथेरपी करताना मी स्वतः त्याबाबत एकदा ठेच खाल्ली आहे.

धावताना पाऊल जमिनीवर असते तो काळ साधारण पाव सेकंदाचा असतो. टाचेवर उतरणाऱ्या माणसाच्या पायाला या पाव सेकंदाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या पन्नासएक मिलिसेकंदांत, एक झटका बसतो. त्यानंतर शरीर पायाच्या बरोबर वर येते तेव्हा दुसरा, संथ पण मोठा भार येतो. तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत जवळपास १९५ किलोंचा. बूट अनवाणी पायापेक्षा चांगला की वाईट याची बहुतेक सगळी चर्चा पहिल्या झटक्याभोवती फिरते. गुडघ्यावरचा सर्वांत मोठा ताण मात्र दुसऱ्या टप्प्यात येतो आणि तो बूट घातला काय, काढला काय, यायचाच असतो. फरक पडतो तो हा भार गुडघा, घोटा, पोटरी आणि पावलाची हाडे यांच्यात कसा वाटला जातो यात. टाचेवर उतरलात तर गुडघ्याच्या वाट्याला अधिक काम येते. चवड्यावर उतरलात तर गुडघ्याचे काम काहीसे कमी होते आणि ते पोटरी व टाचेच्या कंडरेकडे, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीकडे, जाते. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहापटीहून अधिक ओढ येते. बूट काढल्यावर टाचेखालची गादी जाते, टाच आपटली की लागते, म्हणून माणूस आपोआप पाऊल आखूड टाकतो आणि चवड्याकडे झुकतो. गुडघा सुखावतो, पोटरी भरून येते. अनवाणी धावण्याचा खरा परिणाम एवढाच आहे आणि तो काही लहान नाही. पण त्याला औषध म्हणायचे असेल तर ते कोणाला, किती आणि कधी द्यायचे हेही सांगावे लागेल.

तुमच्या मित्राच्या युक्तिवादामागे एक खरा आणि उत्तम अभ्यास आहे. हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, लहानपणापासून अनवाणी धावणारे केनियातील धावपटू बहुधा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यांच्या पायाला तो सुरुवातीचा झटका जवळजवळ बसतच नाही. त्याआधी वर्षभर, २००९ मध्ये, अनवाणी धावण्याचा पुरस्कार करणारे एक पुस्तक जगभर गाजले होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि 'बूट म्हणजे शत्रू' असा सोपा अर्थ लोकांनी काढला. त्या अभ्यासात दुखापती मोजलेल्याच नव्हत्या, हे मात्र फारसे कोणी वाचले नाही. पुढे २०१३ मध्ये उत्तर केनियातील दासनच समाजाचा असाच अभ्यास झाला. हे लोकही आयुष्यभर अनवाणीच वावरणारे, आणि तरी आपल्या सोयीच्या वेगाने धावताना त्यांच्यातील बहुसंख्य टाचेवरच उतरत होते. वेग वाढवला की ते पुढे सरकत. तेव्हा अनवाणी माणूस अमुक एकाच पद्धतीने धावतो हेसुद्धा खरे नाही. वेग, जमीन आणि सवय यांवर ते ठरते.

त्या लाटेत पाच बोटांचे हातमोज्यासारखे बूटही आले. ते बनविणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आपल्या बुटांनी पाय बळकट होतात आणि दुखापती टळतात असे दावे केले होते. त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि २०१४ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली. मात्र कुशनिंगवाल्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा उंच टाचेच्या, गादीदार बुटांनी दुखापती कमी होतात हे सिद्ध करणारी एकही नीट चाचणी त्यांना सापडली नाही. पावलाची कमान पाहून 'तुम्हाला हाच बूट' असे सांगण्याची जी पद्धत दुकानांत रूढ आहे, तिची अमेरिकी सैन्यदलांत हजारो नव्या जवानांवर परीक्षा झाली. कमानीनुसार बूट दिलेल्या आणि सरसकट एकच बूट दिलेल्या जवानांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या दुकानात तुम्हाला काचेवर उभे करून पावलाचा रंगीत नकाशा दाखवतील, तेव्हा हे लक्षात असू द्या. नकाशा खोटा नसतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो.

मग मऊ बूट निरुपयोगी आहेत का? तेही नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना कोणालाही न कळू देता मऊ आणि कडक सोलचे, दिसायला सारखे बूट वाटण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कडक बूट घातलेल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. यातील गंमत अशी की, मऊ बुटांचा फायदा वजनाने हलक्या धावपटूंना झाला आणि जड धावपटूंमध्ये तो स्पष्ट दिसला नाही. दुकानदार नेमका उलटा सल्ला देतात. दुसरीकडे २०१८ च्या एका फिनिश अभ्यासात, खूप जाड सोलच्या बुटांत वेगाने धावताना सुरुवातीचा झटका नेहमीच्या बुटांपेक्षा कमी होण्याऐवजी थोडा वाढलेला आढळला. याचे कारण शरीराच्या एका जुन्या युक्तीत आहे: पायाखाली मऊ लागले की पाय आपोआप ताठर होतो, आणि कडक लागले की तो स्प्रिंगसारखा दबतो. गादीवर उडी मारताना गुडघे कसे राहतात आणि लादीवर मारताना कसे वाकतात, हे घरातल्या लहान मुलाकडे पाहिले तरी कळेल. बूट मऊ केल्याने वाचलेला धक्का पाय ताठ करून आपणच अंशतः परत घेतो. २०२२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १२ चाचण्या आणि अकरा हजारांहून अधिक धावपटू एकत्र तपासले, आणि एका प्रकारच्या बुटाने दुसऱ्यापेक्षा दुखापती कमी होतात असे ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

तेव्हा बूट अपाय करतात का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, फोम अपाय करत नाही, आकार करतो. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मित्रमंडळींच्या चर्चेत हा मुद्दा येतच नाही.

१९९२ मध्ये मंगळूरच्या दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. चपला-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के होते, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते चपला-सँडल घालणाऱ्यांपेक्षा अधिक होते. बंगळूर भागातील आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या प्रौढांच्या पावलांचाही २००९ मध्ये अभ्यास झाला: त्यांचे चवडे रुंद होते आणि चालताना दाब तळव्यावर अधिक सारखा पसरत होता. आपल्या पिढीचे पाऊल शाळेच्या काळ्या बुटात वाढले आहे, तरी घरात आणि देवळात आपण अनवाणी असतो, त्यामुळे बऱ्याच जणांचा चवडा अजून रुंद असतो. धावण्याचे बहुतेक बूट मात्र निमुळत्या साच्यावर बेतलेले असतात. एक प्रयोग आजच करा. कोरा कागद जमिनीवर ठेवून त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा आणि घरातील कोणाला तरी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. मग बुटातील सुटा इनसोल काढून त्या आकृतीवर ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांची करंगळी इनसोलच्या बाहेर पडलेली असते, काहींची तर चांगली अर्धा सेंटिमीटर. अंगठा आत ढकलला गेला की पाऊल जमिनीला रेटा देण्याचे आपले मुख्य साधन गमावते, आणि पुढे अंगठ्याच्या बुडाशी गाठ, करंगळीवर कुरूप, काळी नखे हे सगळे त्याच अरुंदपणाचे वारस. बूट संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा सोडा. ही एवढी काळजी घेतली तर सोल २५ मिलिमीटरचा असो की ४० चा, मला फारशी चिंता वाटत नाही.

आता माझी चूक. २०११ च्या सुमारास मीही त्या लाटेत होतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना मी मोठ्या आत्मविश्वासाने चवड्यावर उतरायला शिकवले आणि पातळ, सपाट तळाचे बूट घ्यायला लावले. तीन आठवड्यांत गुडघा थांबला. ते आनंदाने पेढे घेऊन आले. सहाव्या आठवड्यात टाचेची कंडरा इतकी सुजली की सकाळी पलंगावरून उतरताना ते भिंत धरू लागले, आणि ते दुखणे पुढे आठ महिने पुरले. मी गुडघ्याचे ओझे पोटरीवर टाकले होते आणि पोटरीला ते झेपेल का हे विचारलेच नव्हते. त्यानंतर मी कोणाचीही पाऊल टाकण्याची पद्धत बदलण्याआधी एका पायावर उभे राहून टाच उचलायला सांगतो. गुडघा सरळ, आधार फक्त बोटाच्या टोकाचा, टाच पूर्ण वर. असे सलग पंचवीस वेळा जमेपर्यंत अनवाणी धावण्याचा विषय मी काढत नाही. चाळिशीतील बैठे काम करणारे बहुतेक जण बारा-पंधराला थांबतात.

कंडरेपेक्षाही मला हाडांची काळजी अधिक वाटते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ३६ अनुभवी धावपटूंपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या बुटांकडे नेण्यात आले, आणि आधी व नंतर सर्वांच्या पावलांचे एमआरआय काढले गेले. त्या १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळली. जुनेच बूट वापरणाऱ्या १७ जणांपैकी फक्त एकाच्या. २०१३ चा हा अभ्यास मी प्रत्येक उत्साही धावपटूला सांगतो, कारण ते लोक नवखे नव्हते आणि त्यांनी घाईही केलेली नव्हती. हाडाचे काम असे चालते: नवा ताण आला की जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी मागाहून, पोखरणे आठवड्यांत होते, भरून येणे महिन्यांत. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर, नेमके सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते तेव्हा, हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते. पावलाच्या मधल्या लांब हाडांपैकी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडाला बारीक भेग जाते ती याच काळात, आणि पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेमध्ये दिसतही नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून धावत राहिलेले, आणि मग दीड महिना बुटासारख्या प्लास्टरमध्ये अडकलेले लोक मी पाहिले आहेत.

आपल्याकडे याचा सौम्य प्रयोग दर वर्षी होतो. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत अनेक जण करतात. ठाण्याच्या पेव्हर ब्लॉकवरून, स्टेशनच्या पायऱ्यांवरून, ऑफिसच्या लाद्यांवरून नऊ दिवस वावरल्यावर दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे टाच धरून येणाऱ्यांची, विशेषतः चाळिशीपुढील स्त्रियांची, रांग असते. व्रताला माझा विरोध नाही. त्याआधी महिनाभर घरात सपाता काढून राहा, एवढेच मी भाद्रपदात सांगत असतो. अनवाणी चालणे वाईट असते तर वारीत अनवाणी चालणारे पंढरपूरला पोचलेच नसते. त्यांचे पाय मात्र शेतात, वर्षानुवर्षे तयार झालेले असतात.

अनवाणी धावणाऱ्यांची उदाहरणे तुमच्या मित्राने दिली असतीलच. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. हे सगळे सांगतात. त्याच बिकिलाने १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत, त्याहून तीन मिनिटे कमी वेळेत पुन्हा सुवर्णपदक घेतले. हे कोणी सांगत नाही. मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंत ५२७ किलोमीटर अनवाणी धावले. बारामतीच्या शर्यतीत लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. यांतल्या प्रत्येकाविषयी मला आदर आहे. परंतु सोमण पोहण्याच्या राष्ट्रीय स्पर्धांतून घडलेले, आयुष्यभर व्यायामात राहिलेले गृहस्थ आहेत, आणि लताबाईंचे पाय कष्टाने घडलेले. तुमचे पाय वीस वर्षे काउंटरमागे होते, आणि माझेही काही वेगळे नव्हते.

प्रत्यक्ष दुखापतींचा हिशेब पाहायचा तर अमेरिकेत २०१ धावपटूंवर, त्यांपैकी १०७ अनवाणी धावणारे, वर्षभर लक्ष ठेवून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. धावलेल्या अंतराच्या मानाने दोन्ही गटांतील दुखापतींचे प्रमाण सारखेच निघाले. अनवाणी धावणाऱ्यांना पोटरीच्या आणि तळव्याच्या दुखापती अधिक, बूटवाल्यांना गुडघ्याच्या वगैरे अधिक. ओझे तेवढेच, हमाल बदलला. जड शरीराला मात्र पातळ बुटांत हे ओझे महाग पडते: एका ऑस्ट्रेलियन चाचणीत सुमारे ८५ किलोंपुढच्या धावपटूंना पातळ तळाच्या बुटांत दुखापतीचा धोका नेहमीच्या बुटांच्या दुप्पट दिसला. तुम्ही ७८ चे आहात, म्हणजे त्या आकड्यापासून फार दूर नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. पहिले दोन आठवडे अंतर २० किलोमीटरवर आणा, उड्डाणपुलाचे उतार टाळा आणि एका दिशेला डाव्या कडेने तर दुसऱ्या दिशेला पदपथावरून किंवा सपाट भागातून धावा. नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'चा तळ्याभोवतीचा मार्ग तुम्हाला जवळ आहे, तोही चालेल, फक्त रोज फेरीची दिशा बदला. तुमच्या घड्याळातील नोंदीप्रमाणे तुम्ही मिनिटाला १६५ पावले टाकता. ती १७३ च्या आसपास न्या, वेग न वाढवता. म्हणजे पाऊल आपोआप आखूड पडेल. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवल्यावर गुडघ्यावरचा भार लक्षणीय कमी झाला होता. अनवाणी धावण्याचा जो लाभ तुम्हाला हवा आहे, त्याचा मोठा हिस्सा असा बूट न काढताच पदरात पडतो. साडेसहा मिनिटांना एक किलोमीटर या तुमच्या गतीने अर्धमॅरेथॉनमध्ये डावा पाय अकरा हजारांहून अधिक वेळा जमिनीवर पडतो; प्रत्येक वेळी थोडे वाचले तरी पुष्कळ वाचते. नवे बूट टाकू नका. जुने बूट शिल्लक असतील तर दोन्ही आलटून पालटून वापरा.

पावलांचा व्यायाम मात्र आजपासून सुरू करा. साओ पावलोमध्ये ११८ धावपटूंवर झालेल्या चाचणीत पावलाच्या लहान स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांना वर्षभरात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास अडीचपट कमी दुखापती झाल्या. बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उंचावणे, अंगठा जमिनीवर ठेवून उरलेली चार बोटे उचलणे आणि मग उलट करणे, एका पायावर उभे राहून दात घासणे. पहिल्या दिवशी अंगठा तुमचे ऐकणार नाही. बहुतेकांचा ऐकत नाही. पंधरा दिवसांत ऐकू लागतो. घरात सपाता काढून राहा.

गुडघा शांत झाल्यावर आणि ती पंचवीस वेळा टाच उचलण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर अनवाणी धावायचे असेल तर जरूर धावा, मला त्यात आनंदच आहे. आठवड्यातून दोनदा, नेहमीचे धावणे संपल्यावर, एक मिनिट. दर आठवड्याला एक-एक मिनिट वाढवा. जागा गुळगुळीत, कडक आणि स्वच्छ निवडा: सोसायटीच्या आवारातील काँक्रीटचा रस्ता हिरवळीपेक्षा चांगला, कारण गवतात काच आणि खड्डा दोन्ही लपतात, शिवाय मऊ जमिनीवर पाय आपटण्याची खोड सुटत नाही. दुसऱ्या दिवशी पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबून पाहा. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दुखले तर तिथेच थांबा आणि दाखवून घ्या. पोटरी सगळीकडे सारखी भरून आली असेल तर दोन दिवस विश्रांती पुरे.

जून ते ऑक्टोबर मात्र हा उद्योग बंद. आपल्या भागात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांचे मूत्र मिसळते आणि तळव्यावरच्या न दिसणाऱ्या चिरेतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराने किती घरे धास्तावली होती हे ठाणे-मुंबईच्या माणसाला आठवत असेल. उघड्या पायाने पाण्यातून गेलात आणि पायाला जखम असेल, तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले नसेल तर अनवाणी धावण्याआधी तेही घ्या.

वडिलांबाबत मी अधिक कडक आहे. मधुमेहात तळव्याची संवेदना हळूहळू जाते आणि ती गेल्याचे माणसाला कळत नाही. काटा रुतलेला रात्री मोजा ओला लागला म्हणून समजतो. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले, आणि ते सुनेने पाहिल्यावर कळलेले आजोबा माझ्याकडे आले आहेत. गवतावर अनवाणी चालल्याने नजर सुधारते असे वडील म्हणत असतील, तर ते त्यांना ऐकायला बरे वाटते म्हणून तसेच राहू द्या, पण पायांत पादत्राण हवेच, घरातसुद्धा. त्यांच्या तळव्याची तपासणी दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने होते, पाच मिनिटे लागतात आणि काहीही दुखत नाही. डोळे मिटलेले असताना धागा टेकवलेला त्यांना कळला नाही, तर त्यांना एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या मऊ, मागून पट्टा असलेल्या चपला लागतील. अंगठ्यात अडकवायची पट्टी नको. रोज रात्री आरशाने तळवे पाहण्याचे काम घरातील कोणीतरी अंगावर घ्यावे.

तपासणीला याल तेव्हा दोघेही या. वडिलांच्या रोजच्या चपला आणि तुमचे नवे-जुने दोन्ही बूट पिशवीत घालून आणा, न धुता. जुन्या बुटाचा सोल कोणत्या बाजूने झिजला आहे ते मला पाहायचे आहे.